डाव्या हाताचं वजन

गाडीत भूत आहे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी बॅटरी दाखवायला सांगते. निम्मी भुतं तिथेच उतरतात. उरलेली गंजलेल्या अर्थिंगमध्ये, सैल फ्यूजमध्ये, नाहीतर उंदरांनी कुरतडलेल्या वायरींत सापडतात. आयुष्य गेलं गाड्यांच्या वायरिंगमध्ये, मला अजून एकही खरं भूत भेटलेलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचे. आता नाही सांगत. कुणी विषय काढलाच तर कामाचं बोला म्हणते.

गॅरेज दाजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. इंजिन, ब्रेक, खालचं सगळं ते बघायचे आणि वायरींत हात घालायचं काम माझं. मला राग पटकन येतो आणि येतो तेव्हा पाने फेकायचीही बाकी ठेवत नाही, म्हणून त्यांनी मला ‘ठिणगी’ नाव ठेवलं. गिऱ्हाइकंसुद्धा तेच म्हणायला लागली. दाजी गेल्या थंडीत गेले, झोपेतच. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू लुळी पडली होती, पण सावरले. निदान सांगायचे तरी तसं. हात ठणठणीत आहे म्हणायचे आणि तो ठणठणीत हात कायम खिशात. मी कामाच्या गडबडीत असायचे, मला ते खरंच वाटलं.

त्यांच्यामागे त्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी ताई चालवायला लागली. तिला पर्याय नव्हता. भाचीला नववा महिना लागलेला, जावई बोटीवर, आणि मायलेकींचं घर गॅरेजच्याच बाजूला, हॉस्पिटलपासून कालव्यापलीकडे. तिकडे अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली तर ती पोचेपर्यंत माणूस आपोआप बरा होतो, नाहीतर त्याची गरजच उरत नाही. माझ्याकडे एक स्कूटर. दिवस भरलेल्या बाईला स्कूटरवर बसवून नेणार कोण? तेव्हा जे काही व्हायचं ते त्या गाडीतूनच.

एका दुपारी ताई गाडी घेऊन गॅरेजात आली. म्हणाली, डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा पिवळा दिवा लागतो, मग स्टीअरिंग दगडासारखं जड होतं. दिवा विझला की हलकं होतं, पण मग गाडी उजवीकडे ओढते. उजवीकडे म्हणजे थेट समोरून येणाऱ्या ट्रकच्या अंगावर. मी बोनेट उघडलं तेव्हा हळूच म्हणाली, “मला वाटतं, अजून हेच चालवतायत.”

माझं डोकं फिरलं. म्हटलं, दाजींना दुसरे काही उद्योग नाहीत का तिकडे? सरळ वायरिंगचा दोष आहे, त्यात माणसाला कशाला ओढतेस? ती बाकावर बसून माझ्याकडे बघत राहिली.

या गाडीत स्टीअरिंगच्या दांड्यावर एक छोटी विजेची मोटर असते. चालवणारा स्टीअरिंग कुठल्या बाजूला आणि किती जोराने ओढतोय ते एक सेन्सर मोजतो आणि मोटर त्याच बाजूला हातभार लावते. बॅटरी ढिली पडली किंवा अर्थिंग गंजलं की मोटरचं पोट भरत नाही, ती संप करते आणि दिवा लागतो. मी अर्थिंगची वायर सोडवली तर तिच्या टोकाला हिरवी बुरशी धरावी तसा गंज. घासूनपुसून लख्ख केलं, बॅटरी नवी टाकली. दिवा गेला, स्टीअरिंग बोटाने फिरायला लागलं. मी ताईला म्हटलं, घे, उतरलं तुझं भूत.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. दिवा लागत नव्हता, पण गाडी उजवीकडे जास्तच ओढत होती. ते बरोबरच होतं म्हणा. आधी मोटर अधूनमधून तरी झोपायची, आता मी तिला पोटभर खायला घातलं होतं.

मी ताईला शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी बाहेर काढली. मोठ्या रस्त्याला लागल्याबरोबर जाणवलं. एखादं हट्टी मूल बोट धरून दुकानाकडे ओढतं, तशी गाडी उजवीकडे जात होती. जोर फार नव्हता, पण सोडत नव्हती. भाचीला कळा सुरू आहेत, ती मागे ओरडतेय, ताई घाबरलेली आहे आणि हे असं स्टीअरिंग, असा विचार मनात आला. ट्रक जवळून गेला की ताई डोळे मिटून घ्यायची.

मग कालव्याचा उतार आला. पाण्याच्या टाकीपासून पुलापर्यंत रस्ता एकदम अरुंद होतो. डावीकडे कठड्याशिवायचा कालवा, उजवीकडून ट्रक. त्या सगळ्या रस्त्यावर उजवीकडे जायची सोय कुठे नसेल तर ती तिथे. मी स्टीअरिंग घट्ट धरलं. ताई म्हणाली, “सोड. इथे नाही ओढत.”

खरंच ओढत नव्हती. मी पकड ढिली केली, मग बोटं उचलली. गाडी दोरीवर चालल्यासारखी सरळ उतरत होती. दिवा बंद, म्हणजे मोटर जागी होती. स्टीअरिंगला बोट लावून बघितलं, हलकं होतं. पूल ओलांडला, रस्ता रुंद झाला आणि गाडीने पुन्हा उजवी वाट धरली.

ताई म्हणाली, रोज असंच होतं. मी सांगितलं, तिथे रस्त्यालाच डावीकडे कल असणार, त्यामुळे ओढ मारली जाते. असं होतं, नेहमी होतं. ताईने मान डोलावली. मला वाद नको असला की मी जशी डोलावते तशीच.

संध्याकाळी ती घरी गेल्यावर मी एकटीच स्कूटरवरून उतारावर गेले. बाटलीतलं पाणी रस्त्याच्या मधोमध ओतलं. कल असेल तर पाणी कालव्याकडे जायला हवं. पाणी क्षणभर थबकलं आणि उजवीकडे वाहत गेलं. म्हणजे गाडी तिथे एरवीपेक्षा जास्त ओढायला हवी होती. मी रिकामी बाटली घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून मला शिवी दिली, तेव्हा बरं वाटलं. ताईला यातलं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याकडेच ठेवली. ताईलाही थांबवून घेतलं, कारण मला एकटीला त्या गाडीपाशी थांबायचं नव्हतं. हे तिला सांगितलं नाही, टॉर्च धरायला माणूस हवं म्हटलं. भाचीजवळ शेजारीण बसली होती. मी टायरची हवा बघितली, पुढचे टायर आलटून पालटून लावले, खालचे सांधे हलवून पाहिले. सगळं जागच्या जागी. मग गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलला, म्हणजे चाकं अधांतरी, त्यांना रस्त्याचा काही संबंध नाही. दाराबाहेरूनच हात घालून इंजिन चालू केलं आणि मागे सरकले.

स्टीअरिंग आपणहून फिरायला लागलं. हळूहळू, घाई नसलेल्या माणसासारखं, उजवीकडे. सीटवर कोणी नाही, दार सताड उघडं, आणि स्टीअरिंग शेवटपर्यंत फिरलं. खाली चाकं कुरकुरत वळली आणि मोटर गुणगुणत राहिली. ताईच्या हातातली टॉर्च खाली पडली. मला कारण माहीत होतं, पुस्तकात दिलंय, शिकवलंय मी लोकांना, तरी अंगावर सरसरून काटा आला.

“सेन्सरचं शून्य चुकलंय,” मी म्हटलं.

मग ताईला बसवून समजावलं. सेन्सरला एकदा शिकवावं लागतं की बाबा, स्टीअरिंगला कोणाचा हात लागलेला नाही, हे तुझं शून्य. स्कॅनर लावायचा, चाकं सरळ ठेवायची, चावी चालू, इंजिन बंद, आणि शून्य घ्यायचं. त्या वेळी गाडीत कोणी बसायचं नाही, दारं लावायची, बोनेटला कुल्लासुद्धा टेकायचा नाही. हा नियम दाजींचाच. एकदा मी शून्य घेताना खिडकीतून हात आत घातला होता तर दाजी दिवसभर बोलले नव्हते. आता समजा, कोणी स्टीअरिंगला हात लावून शून्य घेतलं, तर गाडी तो हात धरूनच हिशेब करते. तो हात असेल तर सरळ जाते. नसेल तर तिला वाटतं, चालवणारा उलट बाजूला ओढतोय, आणि मोटर त्या बाजूला जोर लावते.

बोलता बोलता माझ्याच डोक्यात लख्ख झालं. गाडी उजवीकडे ओढते, म्हणजे हात डावीकडे होता.

मी बाकावरची नटांची कापडी पिशवी उचलली, स्टीअरिंग मधे आणलं आणि ती त्याच्या डाव्या अंगाला अडकवली. इंजिन चालू केलं. स्टीअरिंग जरा डगमगलं, मग थांबल्यासारखं झालं, पण पुरतं नाही, केसभर डावीकडे सरकत होतं. ताई उठली. माझ्याकडे न बघता तिने पिशवी काढली, उघड्या तळहातावर तोलली, आतले काही नट काढून बाकावर ठेवले. परत तोलली. एक नट पुन्हा आत टाकला आणि पिशवी अडकवली. स्टीअरिंग जागच्या जागी थांबलं. भिंतीवर टांगलेल्या घड्याळासारखं स्वस्थ.

“हा ह्यांचा हात आहे,” ताई म्हणाली.

मग तिनेच सांगितलं. दाजींचा हात कधी बराच झाला नव्हता. रोज सकाळी ती तो उचलून शर्टाच्या बाहीत घालायची, रात्री बाहीतून काढायची, त्यामुळे त्याचं वजन तिच्या तळहाताला पाठ होतं. गाडीत बसले की ते उजव्या हाताने डावा उचलून स्टीअरिंगवर ठेवायचे, बोटं अडकवून द्यायचे आणि तो तसाच लोंबकळत राहायचा. सुरुवातीला त्या वजनाने गाडी डावीकडे जायची. एका सुट्टीच्या दिवशी गॅरेजात एकटेच जाऊन आले आणि म्हणाले, आता जमतंय. “तुला सांगू नको म्हणाले होते. ठिणगी किल्ली काढून घेईल म्हणाले.”

घेतलीच असती. भांडून, किंचाळून घेतली असती. ज्या माणसाने मी खिडकीतून हात घातला म्हणून मला दिवसभर वाळीत टाकलं, त्याने स्वतःचा मेलेला हात स्टीअरिंगवर ठेवून शून्य घेतलं होतं, आणि शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या मला पत्ता लागू दिला नव्हता. मला भयंकर राग आला आणि त्याच रागात रडूही आलं. मी तोंड धुवायला मोरीवर गेले.

परत आले तेव्हा ताई गाडीच्या खिडकीशी उभी होती. म्हणाली, “म्हणजे त्यांचा हात असेल तर गाडी सरळ जाते.”

“हो.”

“मग उतारावर सरळ का जाते?”

मला वाटलं होतं, हे तिच्या लक्षात येणार नाही. मी बाटलीतल्या पाण्याचं सांगितलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिने एवढंच विचारलं, की तू आता शून्य नीट घेतलंस आणि त्यांचा हात तिथेच राहिला, तर गाडी डावीकडे ओढणार ना? मी हो म्हटलं. “डावीकडे कालवा आहे,” ताई म्हणाली. “आणि मागे पोर असणार.”

अशा वेळी मी एरवी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. मी नुसता हिशेब मांडला. तसंच ठेवायचं तर सगळा रस्ता ती ट्रकच्या अंगावर जाणार, एक उतार सोडून. नीट करायचं तर त्या उताराचा भरवसा नाही. बराच वेळ विचार करून ताई म्हणाली, घे शून्य.

गाडी जॅकवरून उतरवली, चाकं सरळ केली, पिशवी काढून ताईकडे दिली. स्कॅनरची लांब वायर खिडकीच्या फटीतून बाहेर घेतली. चावी चालू. चारी दारं लावली. आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या दुकानात कोणीतरी रेडिओवर बातम्या ऐकत होतं.

मी बटण दाबलं. स्कॅनरने नकार दिला. आमचा स्कॅनर जुना आहे, सेन्सरचा आकडा जरा हलला की शून्य घेत नाही. पडद्यावर ठरलेलं वाक्य आलं, स्टीअरिंगवरचे हात काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.

पुन्हा दाबलं. हात काढा. वायर तपासली, चावी बंद करून चालू केली. हात काढा. मग मी सेन्सरचा मूळ आकडा बघितला. तो डावीकडचं वजन दाखवत होता आणि थरथरत होता. सैल वायर असली की आकडा उड्या मारतो, हे तसं नव्हतं. हा बारीक, एकसारखा थरथरत होता, बराच वेळ उचलून धरलेला हात थरथरतो तसा. काचेतून रिकामी सीट दिसत होती. माझी पाचावर धारण बसली. हा स्कॅनरच फेकून द्यावा आणि शटर ओढून घरी जावं असं वाटलं.

ताईने माझ्या हातातला स्कॅनर बघितला, ते वाक्य वाचलं. मग पुढे जाऊन ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकली. गाडीला हात लावला नाही. नियम तिलाही माहीत होता. रोज जेवायला बोलवावं तशा आवाजात म्हणाली, “अहो, काढा आता हात. किती वेळ धरून बसाल? मला येते चालवता.”

काही झालं नाही. ती तशीच वाकून उभी राहिली. “दमलात तुम्ही,” ती म्हणाली. “नेते मी पोरीला. सोडा.”

आकड्याची थरथर वाढली. मग कमी झाली. मग तो उतरत उतरत गेला, कोणीतरी एकेक बोट सोडवतंय तसा, आणि थांबला. मी बटण दाबलं. शून्य घेतलं गेलं, स्कॅनर टुकटुक वाजला, आणि ताई तिथेच खाली, तेल सांडलेल्या फरशीवर बसली. मी तिला उठवायला गेले नाही. मीही तिच्याशेजारी बसले.

संध्याकाळी आम्ही गाडी फिरवून आणली. मोठ्या रस्त्यावर सरळ. उतारावर तिने स्वतः हात सोडून बघितले, आणि तिथे रस्त्याला जेवढा कल होता तेवढीच गाडी उजवीकडे झुकली. कुठल्याही गाडीने झुकावं तशी. ताईने स्टीअरिंग धरलं आणि जागेवर आणलं.

त्याच आठवड्यात भर पावसाच्या दुपारी भाचीला कळा सुरू झाल्या. उतारावर समोरून ट्रक आला, मागे पोर जिवाच्या आकांताने ओरडत होती, तरी ताईने गाडी रेषेत ठेवली. हे भाचीनेच मला सांगितलं. मी स्कूटरवरून भिजत हॉस्पिटलला पोचले तोवर मुलगी झालीसुद्धा होती. ताई बाहेरच्या खुर्चीत टेकून डुलकी घेत होती आणि तिच्या मांडीवर माझी नटांची पिशवी होती. म्हणजे त्या दिवशी पिशवी बाकावर परत आलीच नव्हती, आणि ती शोधायला माझं सगळं गॅरेज पालथं घालून झालं होतं.

नर्सने हाक मारली तशी ताई दचकून उठली. आत जाताना तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, धर जरा, बाळाला दोन्ही हातांनी घ्यायचंय. पिशवी कोमट होती. मांडीवर होती तिच्या, कोमट असणारच. शेजारी रिकामं टेबल होतं, पण ताई बाहेर येईपर्यंत मी ती खाली ठेवली नाही.